बदल झाला, हे पडद्याला कोण सांगणार?

रिॲक्ट शिकताना जवळपास सगळेच एका ठिकाणी अडखळतात. काउंटर शून्यावर आहे. एकाच क्लिकमध्ये ‘आकडा अधिक 1’ असं तीनदा लिहिलं, तरी पडद्यावर येतो 1. हा बग आहे का? नाही. असं का ठरवलं गेलं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1979 साली नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमध्ये होते. माहिती (मॉडेल) आणि तिचं दिसणं (व्ह्यू) वेगळं ठेवा, ही त्यांची मांडणी. पुढे स्मॉलटॉक-80मध्ये मॉडेल बदललं की ते आपल्या व्ह्यूंना ‘मी बदललोय’ असं कळवायचं. छान चालायचं. पण मॉडेल आणि व्ह्यू वाढत गेले, तसं कोणी कोणाला काय कळवलं याचा माग काढणं कठीण झालं. फेसबुकने 2014 साली स्वतःचंच उदाहरण दिलं: चॅटवर न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडलं तर नवीन काहीच नाही!

तोवर फेसबुकच्याच जॉर्डन वॉक यांनी घडवलेलं रिॲक्ट मे 2013 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं होतं. त्यातली कल्पना उलटी आहे. पडद्याचा एकेक तुकडा बदलत बसू नका. आत्ताच्या स्टेटवरून पडदा कसा दिसायला हवा, तेवढं सांगा. रिॲक्ट जुन्या-नव्याची तुलना करून फक्त फरक बदलतं. हे प्रत्येक छोट्या बदलाला करणं महाग, म्हणून बदल एकत्र गोळा होतात. म्हणजे स्टेट बदलण्याची सूचना ही खरं तर विनंती असते. तुमच्या तिन्ही ओळींना दिसतो तोच जुना शून्य. ‘आधीचा आकडा घे, त्यात 1 मिळव’ असं फंक्शन दिलंत, तर उत्तर 3 येतं.

आता संशोधनाचं बघू. ‘रिॲक्ट स्टेट’ एवढंच शोधलंत, तर वाचन 2013 पाशी थांबेल. त्याऐवजी ‘माहिती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी सुसंगत कशा राहतात?’ असं विचारा. मग 1979 चं व्हिजिकॅल्क सापडेल, जिथे एक चौकट बदलली की बाकीची गणितं पुन्हा होत. कोनल एलियट आणि पॉल हुडाक यांचा 1997 चा शोधनिबंधही सापडेल, ज्यात बदलती किंमत म्हणजे काळाचं फंक्शन मानली आहे.

तुमच्या विषयाचा प्रश्न टूलचं नाव न घेता एका वाक्यात लिहून बघा. संदर्भ शोधायला तिथून सुरुवात करा.