टेम्पो घ्यावा की पिकअप?

आमच्या आष्टीत कुणी मालाची गाडी घ्यायची म्हटलं, की पारावर दोन पक्ष पडायचे. एक म्हणायचा, ‘बंद मॅटॅडोर घे’. दुसरा म्हणायचा, ‘पिकअपच बरी’. परतूर तालुक्यातलं हे गाव कापसावर नि मोसंबीवर जगणारं. गाडी यायची ती कर्ज काढून. म्हणून वाद हौसेचा नव्हता, पोटाचा होता.

‘टेम्पो’ हा शब्द आपण मराठीच समजतो. मुळात ते जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होणाऱ्या गाड्यांचं नाव. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये तीनचाकी टेम्पो भारतात आणला. पुढे १९६९ मध्ये बजाज टेम्पोची मॅटॅडोर आली. तिचा जोर पुढच्या चाकांवर. मागे दांडा फिरवायचा नसल्यानं तळ ठेंगणा. हमालाला पोतं चढवणं सोपं. बंद गाडीत माल पावसात भिजत नाही. पण थप्पी छपराला टेकली, की हिशेब संपला!

पिकअपचा जन्म वेगळा. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीनं १९३४ मध्ये मोटारीच्याच अंगाला मागे उघडा हौदा जोडला. रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात पोचवील अशी गाडी द्या, असं एका शेतकऱ्याच्या बायकोनं कळवलं होतं म्हणतात. आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. टाटांनी १९८८ मध्ये पिकअप आणली आणि १९९१ ची सिएरा ही मोटार तिच्यावरून बेतली. मालासाठी घातलेले पाटे टणक असतात. अशी गाडी रिकामी असली की खड्ड्यात उडते, भरली की शहाण्यासारखी चालते.

माझ्या वडिलांनी पाटीवर दोनच प्रश्न लिहिले होते : जाताना काय न्यायचं? येताना काय आणायचं? कापूस वजनाला हलका, पण जागा खाणारा. त्याला उघडा हौदा हवा. मोसंबीलाही वारा लागतो. येताना मात्र किराणा. त्याला ताडपत्री पुरते. आम्ही पिकअप घेतली. शेजारी किराणा दुकानदार. त्यांनी बंद गाडी घेतली. दोघंही बरोबर होते.

चूक झाली ती पुढे. लग्नसराईत आमच्या हौद्यात वऱ्हाड बसू लागलं. एका वळणावर आत्या खाली पडली, हात मोडला. विमा मिळाला नाही. मालाच्या गाडीतल्या अशा प्रवाशांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्टच केलं आहे.

२००५ मध्ये टाटा एस आली, ‘छोटा हत्ती’ म्हणून गावोगाव पोचली. पर्याय वाढले; वडिलांचे दोन प्रश्न तेच राहिले. मी त्यांत तिसरा घातला आहे : माणसं कशातून जाणार? गाडी घेणाऱ्यानं त्याचं उत्तर आधी द्यावं, मग सही करावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)