जकात न देणारा पाहुणा

दिवाळीचा पहिला मान गाईचा. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते; पुष्कळ घरांत त्या दिवशी दूधदेखील वर्ज्य असते. तेव्हा दुधाबरोबर कधीकधी घरात शिरणाऱ्या एका पाहुण्याची हकीकत याच मुहूर्तावर सांगितलेली बरी.

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. एकेकाळी अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. सरहद्दीवर माल अडे, माणूस अडे. पण गुराच्या छातीतला क्षय कोणत्या करोडगिरीला दिसणार?

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनला जाहीर केला. पुढे माणसाचा जंतू त्याने गुरांना टोचून पाहिला. गुरे आजारी पडली नाहीत. त्यावरून १९०१ साली लंडनच्या परिषदेत तो म्हणाला, गुरांचा क्षय माणसाला क्वचितच बाधतो; त्यासाठी दुधावर उपाययोजना नको. माणसाचे गुराला बाधत नाही, म्हणून गुराचे माणसाला बाधत नाही, हा हिशेब एवढ्या मोठ्या माणसाचाही चुकला. इंग्लंडने त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. १९११ च्या अखेरच्या अहवालाने निर्वाळा दिला, की रोगी गाईच्या दुधातून माणसाला क्षय होतो, आणि त्याची झळ विशेषतः मुलांना लागते: कुणाच्या गळ्याला गाठी, कुणाच्या पोटात दुखणे.

गंमत अशी, की उताराही गोठ्यातूनच आला. काल्मेत हा डॉक्टर आणि गेरँ हा गुरांचा वैद्य. या दोघांनी १९०८ पासून लील येथे गुरांचाच जंतू पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर २३० वेळा वाढवून निस्तेज केला. १९२१ साली ती लस पहिल्यांदा एका बालकाला पाजली. तीच बीसीजी, १९४८ साली ती भारतात आली.

पाहुणा अजून गेलेला नाही. वेल्लोरच्या रुग्णांच्या नमुन्यांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात गुरांतही आढळणारा ‘ऑरिगिस’ हा त्याच कुळातला जंतू सापडला.

म्हणून सणाला गावी गेलात आणि कुणी मुलांपुढे धारोष्ण दुधाचा पेला धरला, तर प्रेमाने म्हणावे, ‘जरा उकळी येऊ द्या.’ गोठ्यातल्या खोकणाऱ्या जनावराला गुरांचा डॉक्टर दाखवावा. श्वासावाटे येणारा रोग उकळीने थांबत नाही. सरहद्दीवरचा नाका कधीच उठला. दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभी राहणारी आजी मात्र नकळत दुसरा नाका सांभाळीत आली आहे. तो उठू देऊ नये.