जुन्या जीपचा अस्सलपणा

१/ शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होऊ लागली. तरी शिरूर-दौंडकडे जुन्या माणसांची जीप म्हणजे महिंद्राची उघडी जीप. ती विकत घेताना अस्सलपणा कसा पारखावा?

२/ मूळ जीप दुसऱ्या महायुद्धातली. विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. फोर्डने आपल्या बोल्टांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते.

३/ १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी अनेक पेट्रोल जीपना डिझेल इंजिने बसली.

४/ म्हणून नव्या रंगाला भुलू नये. चासी व इंजिनावरचे क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने हवे; चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा.

५/ डिझेल इंजिन बसवलेली जीप या निकषात बसणे कठीण. तरी तो बदलही तिच्या कष्टाच्या आयुष्याचा पुरावा आहे. बदलाची नोंद कागदोपत्री असेल, तर तिला तिचा रास्त भाव द्यावा. ‘मूळ इंजिन’ म्हणून तीच गळ्यात मारली जात असेल, तर व्यवहार मोडावा.