गोफ कोणाला दिसला?

१९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता आणि १९०८ चे भंडाऱ्याचे गॅझेटियरही रसेलनेच संपादित केले होते. ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात कोष्ट्यांवर एक प्रकरण आहे, सोबत त्यांचे एक छायाचित्र. माणसे दोऱ्या धरून, काठ्या वाजवत नाचताहेत, एवढेच त्याखालची इंग्रजी ओळ सांगते. गाव नाही, सण नाही, कोणाचे नाव नाही. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात, जिथे कोशाचे कापड विणणारी घरे आहेत, कोणाही जाणत्याला हे चित्र दाखवले असते तर त्याने एका नजरेत सांगितले असते की हा टिपऱ्यांचा गोफ आहे. वर बांधलेल्या दोऱ्या हातात घेऊन एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जायचे, वेणी पडली की तीच पावले उलटी टाकत ती उकलायची. वर्षभर ताणा-बाणा करणारी माणसे सणाला पायांनी वीण घालतात, ही गंमत ग्रंथाच्या कर्त्यांना उमगली असेल किंवा नसेल, चित्राखाली ती आली नाही. माझे म्हणणे या त्रुटीवरच उभे आहे. हौशी छायाचित्रण आपल्याकडे वाढले ते चार जणांत चित्र मांडून, त्यावर बोलून, वाद घालून. म्हणून एखाद्या गावाचा भूतकाळ चित्रांत कसा शिल्लक राहिला याचा शोध घेताना कॅमेरा कोणाकडे होता एवढे विचारून भागत नाही. चित्र समोर ठेवल्यावर बोलायला कोण बसले होते, हेही विचारावे लागते.

बोलण्याला इतके महत्त्व का यावे, याचे पहिले उत्तर रसायनात आहे. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ च्या जानेवारीत निघाली. मुंबईची १८५४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे पावणेदोन वर्षांत. कलकत्ता आणि मद्रास १८५६ मध्ये मागून आले. मुंबईच्या मंडळाने १८५५ पासून स्वतःचे नियतकालिकही काढले. ही घाई निव्वळ फॅशनची नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कोलोडियनच्या रीतीत काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावे लागे आणि ओली असतानाच ते धुऊन पक्के करावे लागे. इंग्लंडच्या हवेत यासाठी थोडीफार सवड मिळे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लेप बघता बघता सुकायचा, त्यातला ईथर उडून जायचा, पाण्यातला क्षार डाग पाडायचा. इंग्लंडात छापलेली पुस्तके इथे अर्धी निरुपयोगी होती. त्यामुळे अनेक हौशी लोक मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हकडे वळले, कारण तो कागद आधी तयार करून कोरडा बाळगता येई. कोणत्या विहिरीचे पाणी चालते, कोणत्या महिन्यात किती वेळ भिंग उघडे ठेवायचे, ही विद्या माणसाकडून माणसाकडेच जाते. मंडळ नसते तर इथली हौस दोन-तीन उन्हाळ्यांत विझली असती. डिसेंबर १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मंडळाच्या आश्रयाने हौशी मंडळींच्या चित्रांचा एक मासिक अल्बम चालवला. त्यात अल्ब्युमेनचे खरे ठसे चिकटवलेले असत आणि सोबत छापील टिपण. चित्र आणि चित्रावरचे बोलणे एकत्र बांधून घरोघर पोचवण्याचा पश्चिम हिंदुस्थानातला हा पहिला ठळक प्रयत्न म्हणता येईल.

इथे कोणी आक्षेप घेईल की या बैठकीत आपली माणसे होतीच. होती, आणि ते कमी लेखण्यासारखे नाही. डॉ. भाऊ दाजी लाड सभासद होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, उत्तम छायाचित्रे घेत आणि मंडळाच्या कार्यकारिणीतही होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा नामांकित व्यावसायिक घडला. पण खुर्ची मिळणे आणि त्या खुर्चीवरून हवे ते बोलता येणे यांत अंतर असते, आणि ते कलकत्त्यात उघडे पडले. तिथल्या मंडळाचे खजिनदार राजेंद्रलाल मित्र यांनी निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध भाषण केले, म्हणून १८५७ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या छायाचित्रणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मुंबईची बैठक शहरातल्या इंग्रजी शिकलेल्यांपुरती उघडी होती. कॅमेऱ्यासमोर उभे राहणारे कोळी, तेली, विणकर तिच्यात कधीच नव्हते. याचा परिणाम चित्रांत दिसतो. जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांवर १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. त्यांतली पुष्कळ माणसे एकीकडे टिपलेली आणि त्यांच्यामागचे देखावे दुसरीकडचे, असे जोडकाम करून चित्रे सिद्ध केलेली आहेत. जोडकाम सफाईचे आहे, तंत्र म्हणून दाद द्यावीच लागेल. पण त्या माणसांपैकी एखादा बैठकीला बसला असता तर आपण तिथे उभेच नव्हतो, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते.

याच काळातला जॉन फोर्ब्स वॉटसन हा गृहस्थ या गोष्टीसाठी फार उपयोगी आहे, आणि छायाचित्रांवर लिहिणाऱ्यांनी त्याच्या दोन कामांकडे शेजारी ठेवून पाहायला हवे. १८६६ मध्ये त्याने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून, कागदावर चिकटवून, १८ खंडांचे संच तयार केले. इथे काय खपते ते विलायतेतल्या गिरणीवाल्यांना कळावे, हा त्याचा सरळ हेतू. पुढे १८६८ ते १८७५ या वर्षांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ८ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला, त्याच्या संपादकांतही हेच वॉटसन. त्यातली बरीच चित्रे लॉर्ड कॅनिंगच्या उत्तेजनाने कॅमेरा बाळगणाऱ्या हौशी अधिकाऱ्यांनी काढलेली होती. एका संग्रहात कापड चिकटवले, दुसऱ्यात चेहरे, आणि दोन्हींखाली माहितीच्या ओळी. कापड कोणी विणले हे पहिल्यात नाही, आणि दुसऱ्यात व्यक्तीपेक्षा जात मोठ्या अक्षरात. हे सगळे द्वेषाने केले असे मी म्हणत नाही. ज्या टेबलावर हे संग्रह उलगडले जाणार होते, तिथे या नावांची विचारणा करणारे कोणी नव्हते, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेड्यातल्या विणकराला कॅमेरा परवडत नव्हता, मग बैठकीच्या गोष्टी कशाला? एकोणिसाव्या शतकापुरते हे मान्य. पण पुढे किंमत उतरत गेली. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, १८८८ मध्ये कोडॅक आला, आणि स्वातंत्र्यानंतर बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोचला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्मही आली. कॅमेरा स्वस्त होत गेला तशी बैठक मात्र अवघड होत गेली. रसायनाची अडचण संपल्यावर चर्चेला उरला तो सौंदर्याचा विषय, आणि १९३२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्ससारख्या मंडळांनी तो मोठ्या निष्ठेने चालवला. सलोनसाठी ठसे पाठवायचे, परीक्षकांनी निवडायचे, त्यावर चर्चा करायची, हा शिरस्ता पडला. या मंडळींनी खेडे खूप पाहिले. धुळीतून जाणाऱ्या गाड्या, डोईवर घागरी, झरोक्यातून उतरणारा किरण. त्यांची नजर कसलेली होती, आणि कित्येक चित्रे आजही थांबवून ठेवतात. पण त्या किरणात बसलेला माणूस काय काम करतो आहे, हा प्रश्न गुणांच्या यादीत नव्हता.

मग खेड्यात चित्रांवर बोलणे होत नव्हते काय? होत होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत जाणकार बोलणे होते. लग्नाचा अल्बम उघडला की हा कोण, ती कोणाची सून, ही साडी कोणत्या मागावरची, अशी चौकशी सुरू होते. सलोनच्या परीक्षकापेक्षा त्या ओसरीवरच्या बायकांना एका चित्रात जास्त दिसते. फक्त ते कोणी टिपून ठेवले नाही, आणि घराबाहेर कोणी मागितले नाही. पूर्व विदर्भातली करवती किनारीची साडी उदाहरण म्हणून घ्या. अंग कोशाचे, किनार सुताची, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. त्यासाठी तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि प्रत्येक ओळीला दोन्ही कडांचे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. विणकाम न जाणणारा हौशी माणूस मागावरच्या कारागिराचे चित्र घेताना बहुधा चेहऱ्याकडे आणि उजेडाकडे बघेल. विणणाऱ्याला विचारले तर तो सांगेल की खरे काम सांध्यावर आहे, तिथे नजर लावा, आणि एकदा कापड उलटे करून घ्या. ही छायाचित्रणाचीच टीका आहे. कशावर नजर लावायची यापेक्षा मूलभूत प्रश्न या कलेत नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि विणणारा स्वतःच साडीचे चित्र काढून गिऱ्हाइकाला पाठवतो. रंग खरा उतरला नाही, काठ दिसत नाही, पुन्हा पाठवा, असे उत्तर येते आणि तो पुन्हा काढतो. यावर नाक मुरडणारे म्हणतात की हा धंदा झाला, हौस नव्हे, कलेच्या इतिहासात त्याला जागा कशी द्यायची? पण ही रेघ पहिल्या दिवसापासून पुसट आहे. जॉन्सन आणि हेंडरसन मुंबईत दुकान चालवत होते. हौशी लोकांच्या नावाने निघालेला त्यांचा अल्बम विकण्यासाठीच होता. नारायण दाजींपासून कितीतरी जणांची हौस आणि व्यवसाय एकमेकांत मिसळलेले होते. फरक पडला आहे तो वेगळ्याच जागी. ज्याच्या कामाचे चित्र आहे तोच ते काढतो, आणि चित्र चुकले आहे असे त्याला सांगणाऱ्याला कापडातले कळते. कलकत्त्याच्या त्या मंडळाकडे यांतली एकही गोष्ट नव्हती.