व्हर्मॉन्टची खानेसुमारी

१७९१ साली अमेरिकी संघराज्यात चौदावे राज्य म्हणून दाखल झालेल्या व्हर्मॉन्टची पहिली खानेसुमारी ८५,४२५ भरली आणि १८१० पर्यंत तो आकडा २,१७,८९५ वर गेला. डोंगरउतारांवरची अरण्ये तुटून कुरणे झाली, आणि १८४० च्या सुमारास तर माणशी जवळजवळ सहा मेंढ्या तेथे चरत होत्या. पुढे लोकरीचे भाव उतरले, ईरी कालव्याने व आगगाडीने पश्चिमेकडील सुपीक जमिनींचा मार्ग मोकळा केला, तरुण पिढी तिकडे निघून गेली, आणि १८५० ते १८६० या दशकात साऱ्या राज्याच्या वस्तीत अवघ्या ९७८ माणसांची भर पडली. आज मॅपलच्या रानात हिंडताना मध्येच दगडी गडगा आडवा येतो, पलीकडे बुजत चाललेला तळघराचा खड्डा दिसतो, आणि त्याच्या कडेला कोणा गृहिणीने हौसेने लावलेले लायलॅकचे झुडूप दर वसंतात फुलते.