उंदरांच्या दुधात काय होतं?

आजच्या भागात स्तनाचा कॅन्सर, उंदीर आणि एक निवृत्त शाळामास्तरीण.

१९००च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रॅनबी गावी, ॲबी लॅथ्रॉप बाईंनी कोंबड्या पाळल्या. धंदा बसला. मग त्या हौशी लोकांसाठी उंदीर वाढवू लागल्या. हळूहळू प्रयोगशाळाच गिऱ्हाईक झाल्या. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या, तेव्हा बाईंनी त्या शास्त्रज्ञांकडे पाठवल्या. लिओ लोब म्हणाले, हा कॅन्सर आहे. पुढे दोघांनी मिळून निबंध लिहिले. विज्ञानाचं रीतसर शिक्षण नसलेल्या बाईचं नाव सहलेखिका म्हणून छापलं गेलं, तेही त्या काळात! मला याचं फार अप्रूप वाटतं. कुठल्या घराण्यात स्तनाच्या गाठी जास्त, ते बाईंच्या नोंदींतून कळायचं. अंडाशय काढलेल्या माद्यांना गाठी कमी होतात, हेही दोघांनी दाखवलं.

आता घराण्यात आहे म्हणजे रक्तातच असणार, असं कुणालाही वाटेल. पण मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत गंमत झाली. जास्त गाठींच्या वाणाची मादी आणि कमी गाठींच्या वाणाचा नर, मग नेमकं उलट, अशा जोड्या लावल्या. दोन्हीकडच्या लेकींना जनुकं सारखीच मिळाली. तरी गाठी आईच्या वाणाप्रमाणे आल्या! १९३६ साली जॉन बिटनर यांनी जन्मलेली पिल्लं लगेच दुसऱ्या वाणाच्या आईला लावली. जास्त गाठींच्या वाणातली पिल्लं परक्या दुधावर वाढली आणि त्यांच्यात गाठी खूपच कमी झाल्या. म्हणजे दोष दुधात होता. बिटनर त्याला नुसतं ‘दुधातला घटक’ म्हणाले. तो व्हायरस आहे, हे नंतर ठरलं.

मग माणसाचं काय? आईला कॅन्सर झाला असेल, तर लेकीला पाजायचं की नाही? हा प्रश्न थेट आपल्या मुंबईत आला. इथल्या पारशी बायकांत हा कॅन्सर जास्त आढळायचा. त्यांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं गेलं आणि १९७१ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला. लेखकांत मुंबईच्या सत्यवती सिरसाट होत्या. उंदरांच्या व्हायरससारखे कण काही नमुन्यांत दिसले. विचार करा, तेव्हा पाजणाऱ्या आयांना काय वाटलं असेल! पण पुढच्या तपासण्यांत तो पुरावा टिकला नाही. अंगावर प्यायलेल्या मुलींना कॅन्सर जास्त होतो, असंही दिसलं नाही. उलट पाजल्याने आईचाच धोका थोडा कमी होतो.

लॅथ्रॉप बाईंचा अंडाशयाचा धागा मात्र माणसापर्यंत पोचला. १८९६मध्येच स्कॉटलंडचे बीटसन यांनी रुग्ण बायकांवर हा उपाय करून पाहिला होता. १९७०च्या दशकात बाईंच्याच राज्यात वूस्टरजवळ क्रेग जॉर्डन यांनी मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅट्सना, गाठी आणणारं रसायन दिलं आणि सोबत टॅमॉक्सिफेन दिलं. गाठी कमी झाल्या. मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधलेलं आणि त्या कामात फसलेलं हे औषध स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनची वाट अडवतं. त्याची गोळी बायका आजही घेतात.