बलमापन, मोटरनियंत्रणासाठी

मोटर ज्या वस्तूवर जोर लावते तिथेच तो जोर मोजून, मिळालेल्या आकड्यावरून मोटरची गती किंवा टॉर्क सतत सुधारत ठेवण्याची पद्धत. हवा असलेला जोर आणि प्रत्यक्ष जोर यांतली तफावत नियंत्रकाकडे परत येते, म्हणून तिला बल-प्रत्याभरण म्हणतात. कारखान्यांत फोर्स फीडबॅक हाच शब्द चालतो. कागद आणि तार गुंडाळणारी यंत्रे, यंत्रमानवाचे हात, गाड्यांचे विजेवर चालणारे स्टिअरिंग अशा अनेक ठिकाणी ती वापरतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती समजून घ्यायची तर इचलकरंजीच्या शटललेस मागाइतके चांगले उदाहरण नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावात विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. साध्या मागावर उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा बीम मागच्या बाजूला असतो. बीमच्या टोकाशी साखळी किंवा दोर गुंडाळून तरफेने वजन टांगतात. त्या घर्षणामुळे बीम मोकाट फिरत नाही आणि ताणा ताठ राहतो. अडचण अशी, की सूत संपत जाते तशी बीमची त्रिज्या घटते. घर्षणाचा टॉर्क तेवढाच राहिल्याने धाग्यावरचा ताण मात्र वाढत जातो. कामगार तळहाताने ताणा दाबून पाहतो आणि वजन तरफेवर आत सरकवतो. बल-प्रत्याभरणाचे सगळे घटक इथे आहेत: मोजणे, ताडून पाहणे, सुधारणे. या कौशल्याला कमी लेखू नये. पण एका माणसाकडे अनेक माग असतात आणि सुधारणा उशिरा होते.

रॅपियर आणि एअरजेट अशा शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणाऱ्या मागांवर बीम सर्व्होमोटर फिरवते. बीमवरून निघालेला ताणा बॅकरेस्ट नावाच्या रुळावरून वळून वह्यांकडे, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या चौकटींकडे जातो आणि रुळाच्या आधाराशी जोर मोजणारा लोड सेल बसवलेला असतो. ६,००० धाग्यांच्या ताण्यात प्रत्येक धाग्यावर २५ ग्रॅम ताण धरला, तर एकूण १५० किलोग्रॅमचा ओढा होतो. माग मिनिटाला ६०० पिक, म्हणजे आडवे धागे भरत असेल आणि कापडात इंचाला ६० पिक असतील, तर मिनिटाला १० इंच कापड तयार होते. विणीतली घट सोडून दिली, तर ८० सेंटिमीटर व्यासाचा भरलेला बीम सुमारे दहा मिनिटांत एक फेरा घेतो आणि व्यास १६ सेंटिमीटरवर आला की दोन मिनिटांत. मोटरची गती अशी पाचपट बदलावी लागते, तीही ताण जागचा न हलू देता.

मोटरचा टॉर्क तिच्या विद्युत् प्रवाहाच्या प्रमाणात असतो. मग वेगळा लोड सेल कशाला, असा प्रश्न नवखे अभियंते हमखास विचारतात. थेट जोडलेल्या मोटरला प्रवाहमापन पुरते, आणि ते स्वस्तही आहे. मात्र इतका संथ फिरणारा बीम वर्म गिअरसारख्या मोठ्या घटीच्या गिअरशिवाय चालत नाही. अशा गिअरमधले घर्षण मोठे असते, आणि तेल, तापमान व झीज यांनुसार बदलते. मोटर थांबली तरी गिअर ताण्याचा सगळा ओढा स्वतःवर पेलतो, प्रवाह शून्य असला तरी. धाग्यावर काय बेतते आहे ते मोटरला कळतच नाही. मोजमाप कामाच्या जागी हवे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

लोड सेल म्हणजे भाराखाली किंचित वाकणारा धातूचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेले चार स्ट्रेन गेज. तार ताणली की तिचा विद्युत् रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८५६ मध्ये दाखवले. चिकटवण्याजोगा गेज १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे तयार केला. ३५० ओहमचा गेज स्वतःच्या लांबीच्या हजाराव्या भागाने ताणला, तर रोध जेमतेम ०.७ ओहमने वाढतो. म्हणून दोन ताणले जाणारे आणि दोन दबणारे गेज व्हीटस्टन सेतूत जोडतात. तापमानाचा चारही गेजांवर सारखाच होणारा परिणाम त्यात रद्द होतो आणि भाराचा परिणाम उरतो. सेतूला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला सुमारे २० मिलिव्होल्ट मिळतात. शेजारीच मोटरचा ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज तोडत-जोडत असतो. त्यामुळे जाळीदार आवरणाची केबल आणि सेलजवळ बसवलेला वर्धक यांवर काटकसर करू नये.

सेलला धाग्याचा ताण थेट दिसत नाही. रुळावर ताणा किती अंशांनी वळतो, त्यावर आकडा ठरतो. वळण ९० अंशांचे असेल, तर रुळावर ताणाच्या १.४१ पट जोर येतो. बीम रिकामा होताना हा कोन बदलू लागला, तर ताण तोच असून आकडा खोटा ठरतो. म्हणून मध्ये एक पक्का रूळ बसवून कोन कायम राखतात.

खरी कसोटी वेळेची आहे. प्रत्येक पिकाला वह्या उघडतात, फणी आडवा धागा ठोकते, आणि ताण चढतो-उतरतो. ६०० पिकांच्या वेगाला सेकंदातून दहा वेळा. नियंत्रक या प्रत्येक चढ-उतारामागे धावला, तर मोटर हिंदकळते आणि कापडावर आडव्या पट्ट्या उमटतात. म्हणून मागाच्या पूर्ण फेऱ्याची सरासरी घेतात, किंवा मुख्य शाफ्टच्या ठरावीक अंशावरच वाचन करतात. मग तफावतीच्या प्रमाणात आणि साचत गेलेल्या तफावतीनुसार बीमचा वेग दुरुस्त होतो. माग थांबला की धागे सैलावतात. पुन्हा सुरू करताना बीम किंचित मागेपुढे फिरवून ती घट भरून काढावी लागते.

वस्तू जितकी ताठर, तितके हे नियंत्रण नाजूक. सूत लवचीक असते, ते चूक सांभाळून घेते. पोलादी सळईवर मोटर केसभर सरकली तरी जोर टनांनी वाढतो. इचलकरंजीतच ‘फाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची पदार्थ-चाचणी यंत्रे बनतात. मोटरने स्क्रू फिरवून नमुना ओढणाऱ्या अशा यंत्रात लोड सेलच्या आकड्यावर भारवाढीचा वेग राखता येतो. पोलादासाठी लवचीक टप्प्यात तो सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल ठेवतात. सळई नमली, की तीच पद्धत उलटते: भार वाढेनासा होतो, नियंत्रक तो वाढवण्यासाठी मोटर पळवत राहतो आणि नमुना भलत्याच वेगाने ताणला जातो. म्हणून नमनबिंदूच्या आधीच नियंत्रण भारावरून सरकण्याच्या वेगावर नेतात आणि तिथून पुढे लोड सेल फक्त नोंद घेतो.